जिवंत माल

६ तारीख, नांगरावर

दादा,

नमस्कार लिहावासा वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

ऑफिसला पाठवलेल्या माझ्या प्रत्येक निरोपाला तुझा कारकून "नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर देतो. कसली नोंद? कुणी घेतली? कप्तानांच्या खोलीतून जे जातं ते तुझ्याआधी तिघं-चौघं वाचतात, हे मला कळलंय. म्हणून हे कागदावर लिहून बंदरातल्या एजंटच्या लाँचवाल्याकडे देतेय, तुझ्या घरच्या पत्त्यावर. वहिनीने आधी फोडलं तर फोडू दे. आपला नवरा काय धंदा करतो ते तिलाही कळू दे.

आम्ही बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून बसलोय आणि आत घेत नाहीत. त्याचं कारण तुझ्या लोकांनी तुला काय सांगितलं असेल कुणास ठाऊक, म्हणून सरळ सांगते. पोचलो त्या दिवशी बंदराचा तपासनीस आला. डेकखालच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काही मेंढ्यांच्या ओठांवर त्याला खपल्या दिसल्या. नाकाला रुमाल लावून तो आल्या पावली परत निघाला. त्याला वाटलं, लाळ्या-खुरकूत. मी जिन्यापर्यंत त्याच्यामागे धावले. म्हटलं, "अहो, हा मावा आहे, मेंढ्यांच्या ओठांवरचा साधा आजार! पंधरवड्यात आपोआप बरा होतो. खूर बघा, जीभ बघा, कुठे फोड दिसतोय?"

तो म्हणाला, "बाई, मी डॉक्टर नाही. मला दिसलं ते मी सांगणार."

मावा म्हणजे काय ते तुला तरी मी शिकवायला नको. बाबांच्या दवाखान्यात दर पावसाळ्यात अशी मेंढरं रांगेने उभी असायची आणि तूच त्यांची तोंडं धरायचास. तेव्हा तुला किळस यायची नाही. आता तू फोनसुद्धा धरत नाहीस.

मुद्द्याचं बोलते. आमच्याकडे पाणी पुरणार नाही. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र मोठ्या इंजिनाच्या उष्णतेवर चालतं. जहाज चालू तर पाणी चालू. नांगरावर इंजिन बंद, म्हणजे पाणीही बंद. हे मला चीफनी, म्हणजे इथल्या मुख्य इंजिनियरनी समजावून सांगितलं, आणि ते सांगताना तुझ्याबद्दल जे बोलले ते मी लिहीत नाही. तू चार दिवसांच्या प्रवासाचं पाणी आणि चारा भरलास, वर जेमतेम थोडं. "चार दिवसांत काय होतंय?" असं म्हणाला होतास. आता बघ काय होतंय.

एक तर पाण्याची बोट पाठव, नाहीतर आम्हाला परत बोलाव. दोन्हीपैकी एक कर, पण कर.

मी ठीक आहे. आईला तेवढंच सांग.

धाकटी


९ तारीख, नांगरावर

दादा,

तुझा निरोप मिळाला. "धीर धर. बोलणी चालू आहेत." मला मिळाला, मी वाचला. मेंढ्यांना वाचता येत नाही, नाहीतर त्यांनाही दाखवला असता.

कोणाशी चालू आहेत बोलणी? एजंटला विचारलं तर तो आकाशाकडे बघतो. कप्तानांना विचारलं तर ते समुद्राकडे बघतात. तू भिजत घोंगडं ठेवलंयस आणि आम्हाला त्याच्याखाली झोपायला सांगतोयस.

मी दिवसातून तीन वेळा सगळे मजले फिरते आणि मध्ये श्वास घ्यायला वरच्या डेकवर येते. तिथून आजूबाजूची जहाजं दिसतात. इतकी तऱ्हेतऱ्हेची जहाजं मी जन्मात बघितली नव्हती. चीफ शेजारी उभे राहून सांगत असतात. कंटेनरवाला तर बससारखा, ठरल्या वेळी येतो. आला की बंदरात वाट दाखवणारा पायलट लगेच चढतो, आणि दुसऱ्या दिवशी रंगीत खोक्यांची नवी चळत घेऊन बाहेर. खोक्यात चपला आहेत की टीव्ही, त्याच्या खलाशांनाही माहीत नसतं, पण अर्धा दिवस उशीर झाला की चार देशांत फोन वाजतात. गॅसचं जहाज आलं, पाठीवर चार मोठे घुमट. आत गॅस इतका गार करून ठेवतात की त्याचं पाणी होतं. त्याच्या दिमतीला, ओढून न्यायला, दोन टगबोटी आधीपासून हजर. धान्याचं बल्क जहाज उभं आहे. त्यात गहू पोत्यांत नसतो, सरळ पोटात ओतलेला असतो. परवा ढग नुसते दाटून आले, तर त्यांनी धावपळ करून सगळी झाकणं लावली. गहू भिजेल म्हणून!

आणि ते पांढरं जहाज. त्यात केळी आहेत. चीफ म्हणाले, "ताई, हे तरंगतं शीतगृह. केळ्यांना तेरा अंश लागतात. एखादा अंश वर गेला तर तिथल्या इंजिनियरची धडगत नाही."

मी त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरून वर आले होते. तिथे तोंडं उघडी टाकून, माना लांब करून मेंढ्या धापा टाकत होत्या. डोळ्यांत मुताचा वास असा झोंबतो की पुढचं दिसत नाही. दादा, केळ्यांची काळजी घ्यायला माणूस आहे. गव्हाची आहे, चपलांची आहे. या सगळ्या मालात जिवंत माल फक्त आपला, आणि त्यालाच विचारणारं कोणी नाही!

आज आणखी एक कळलं. आपलं हे जहाज मुळात गाड्या नेणारं. उतारावरून मोटारी चाकांवर आत यायच्या, चाकांवर बाहेर जायच्या. एकावर एक मजले आणि खिडकी एकही नाही, कारण मोटारीला श्वास लागत नाही. म्हातारं होऊन भंगारात निघालं तेव्हा तू घेतलंस, कठडे ठोकलेस, पंखे बसवलेस आणि "जनावरांचं जहाज" म्हणून उभं केलंस. तिथवर मी समजू शकते. पण तिसऱ्या मजल्याचा मोठा पंखा निघायच्या आधीपासून आचके देत होता. चीफनी त्याचा सुटा भाग मागितला होता आणि तू म्हणालास, "परत आल्यावर बघू." हे खरं का? मला हो किंवा नाही हवंय. "नोंद घेतली" नकोय.

दोन वर्षं आपण बोलत नव्हतो. का, ते आठवतंय ना? मी म्हटलं होतं, जनावरं जहाजात कोंबून नेण्याच्या धंद्यात माणसाचं काळीज दगड होतं. मग या वेळी स्वतः घरी आलास, आईसमोर बसलास आणि गोड आवाजात म्हणालास, "तूच चल डॉक्टर म्हणून. तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे सगळं." मला वाटलं, दादाला माझं म्हणणं पटलं. मी हुरळून बॅग भरली. तुला डॉक्टर नको होती. सगळ्यांना सांगायला हवं होतं की सख्खी बहीण डॉक्टर म्हणून बरोबर आहे, मग जनावरांचे हाल कसे होतील?

मेलेल्या जनावरांबद्दल तू काही विचारलं नाहीस. नांगरावर असताना मेलेलं जनावर समुद्रात टाकता येत नाही, हे तुला माहीत असेलच. मग ती कुठे ठेवली असतील, हे जेवायला बसशील तेव्हा आठव.

जहाजावरची डॉक्टर


१२ तारीख, नांगरावर

दादा,

अक्षर वाईट आलंय कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्याला थोडं लागलंय. विशेष काही नाही.

सकाळी तो पंखा बंद पडला. आचके नाही, साफ बंद. चीफ आणि त्यांचा मदतनीस वरून खोलायला लागले. तेवढ्यात सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, कोणाला न विचारता खाली उतरले. पन्नाशीचे गृहस्थ, जहाजावर कोणाशी फारसं बोलत नाहीत, पण मेंढ्यांशी मात्र बडबडत असतात. अशक्त झालेल्या चार-पाच वर आणू, म्हणाले. बराच वेळ वर आले नाहीत. मी आणि स्वयंपाकी तोंडाला ओले टॉवेल बांधून गेलो, तर ते दोन कठड्यांच्या मधल्या वाटेत पालथे पडलेले. एक मेंढी त्यांच्या पाठीवर पाय देऊन उभी.

कसं वर आणलं ते विचारू नकोस. स्वयंपाक्याने काखेत धरलं, मी पाय धरले. ओठ निळे पडले होते. कप्तानांनी बंदराला कळवल्यावर माणसासाठी लाँच लगेच आली, हे मात्र खरं. आता ते दवाखान्यात आहेत, बोलत नाहीत, पण श्वास चालू आहे.

लाँच गेल्यावर मी तशीच वर कप्तानांकडे गेले. म्हटलं, "रेडिओवरून सगळ्या जहाजांना सांगा. पाणी मागा."

"मालकांचा हुकूम आहे, बोभाटा करायचा नाही."

"मालक माझा भाऊ आहे."

"म्हणून तर तुम्हाला भीती नाही, बाई. माझी निवृत्ती तोंडावर आलीय."

 माझ्या अंगाला काय काय लागलं होतं ते त्यांना दिसत होतं. ते खुर्चीतून उठले, टोपी घातली. म्हणाले, "मी खाली चहा घेऊन येतो. रेडिओ काही मी बरोबर नेत नाही. सोळा नंबरच्या चॅनेलवर सगळेच ऐकतात." आणि गेले.

तर ते मी केलं, दादा. कुठल्या मालकाचं जहाज ते सांगितलं. काय भरलंय ते सांगितलं. आजार कोणता आहे आणि कोणता नाही ते सांगितलं. पाणी संपलंय, माणूस पडलाय, मालक ऐकत नाही. माझा आवाज फुटला असेल, मला कल्पना नाही.

मग एकेक आवाज यायला लागला. आधी तेलाच्या टँकरचा कप्तान रेडिओवर आला. म्हणाला, "मी जवळ येऊ शकत नाही. माझ्या पोटात पेट्रोल आहे, तुमच्या डेकवरची एक ठिणगी पुरेल. पण माझं यंत्र लांबवर पोचतं. तुमचं म्हणणं जिथे जिथे पोचवता येईल तिथे पोचवतो." धान्यवाला म्हणाला, गहू सीलबंद आहे आणि त्याचा नाही, आणि जहाज इतकं भरून खोल गेलंय की शेजारी येऊन घासायची हिंमत नाही. लाज वाटते, म्हणाला. त्या अनोळखी माणसाला लाज वाटली! केळीवाल्याने विचारलं, पिकून गळालेले घड पाठवू का? मी नको म्हटलं, उपाशी पोटी तेवढं गोड खाल्लं तर पोटं फुगून मरतील. त्याने मग स्वतःच्या होडीतून खपल्या धुवायला गुळण्या करायचं औषध आणि सलाइनच्या बाटल्या पाठवल्या.

आणि शेवटी एक घोगरा आवाज आला. "माझ्याकडे पाणी आहे, आणि हातही आहेत."

ते एक जुनं, गंजकं, साध्या मालाचं जहाज. त्यात काहीही भरतात: रूळ, पवनचक्कीची पाती, पोती, यंत्रं. डेकवर स्वतःच्या चार क्रेन. लहान बंदरांतल्या धक्क्यांवर क्रेन नसते ना, तिथे अशीच जहाजं जातात. आपलं ओझं आपणच उतरवतात. बंदराच्या नियंत्रकाने लगेच दरडावलं, "सर्व जहाजांनी आपापल्या जागी थांबावं." तो घोगरा आवाज शांतपणे म्हणाला, "थांबलोच होतो साहेब. पण आमचा नांगर घसरतोय वाटतं. बघतो."

त्याचा नांगर असा काही घसरला, की बरोबर आमच्या कुशीला येऊन थांबला! आमच्या खलाशांनी टायर लोंबकळवले. त्यांच्या क्रेनने पाण्याच्या मोठ्या टाक्या एकामागून एक आमच्या डेकवर उतरवल्या. मेंढ्यांना वास लागला. दादा, सगळ्या मजल्यांवरून एकदम जो आवाज उठला तो तू ऐकायला हवा होतास. चीफ नळी धरून उभे होते आणि रडत होते आणि सगळ्यांना शिव्या देत होते.

कप्तान चहा घेऊन परत आले, तेव्हा त्यांच्या हातात एक बादलीही होती. ते बादल्यांच्या रांगेत उभे राहिले.


१४ तारीख, नांगरावर

दादा,

"चव्हाट्यावर घराची लाज काढलीस." हा तुझा निरोप. इतके दिवस तुझ्या बोटांना लकवा भरला होता, आणि घराची लाज म्हटल्याबरोबर लिहिता आलं!

चोराच्या उलट्या बोंबा. लाज मी काढली? मी फक्त झाकण उघडलं. आत जे होतं ते तू ठेवलेलं.

काल संध्याकाळी बंदराच्या मुख्य आरोग्य अधिकारी स्वतः आल्या. रेडिओवरचं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. शिडी चढून आल्या, बूट घातले, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्याबरोबर गुडघाभर घाणीतून चालल्या. स्वतःच्या हाताने तोंडं उघडून पाहिली, खूर पाहिले. मग म्हणाल्या, "मावाच आहे."

मी म्हटलं, "मग हे आठ दिवस आधी बघायला कुणी का आलं नाही? आम्हाला इथे मरायला का ठेवलंत?" मी चांगलीच तापले होते. त्यांचा काही दोष असो-नसो, समोर त्या होत्या.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला माहीत नाही? आम्ही तर तिसऱ्याच दिवशी कळवलं होतं. गावाबाहेर आमचे वेगळे गोठे आहेत, आजाराचा संशय असलेली जनावरं तिथे उतरवतात. तपासणी होईपर्यंत चारा-पाणी तिथेच. तुमच्या मालकांनी नको म्हणून सांगितलं."

"नको?"

"आजारी म्हणून शिक्का बसला तर माल पडून राहील म्हणाले. दुसरा खरेदीदार शोधतोय, तोवर जहाज नांगरावरच राहू द्या. जहाजावर सगळी सोय आहे, त्यांची बहीणच डॉक्टर आहे."

मला खाली बसावं लागलं. तिथे बसण्यासारखं काही नव्हतं, तरी बसले.

तर ही तुझी बोलणी! बंदराचं दार उघडं होतं, दादा. आतून कडी तू घातली होतीस. मी इकडे बंदराला शिव्या घालत होते, तपासनीसाला घालत होते, समुद्राला घालत होते, आणि तू तिकडे माझं नाव पुढे करून गिऱ्हाईक बघत होतास. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिलेत. तू तर माझ्याच पाठीमागे लपवलंस.

अधिकारीबाईंनी त्यांच्या जबाबदारीवर जहाज आत घेतलंय. हे लिहितेय तेव्हा टगबोटी बांधताहेत. किती मेंढ्या उतरतील आणि किती नाही, ते तुला ऑफिसातून कळेल. मी इथे आकडा लिहिणार नाही. तू पत्रात तेवढाच शोधशील.


२३ तारीख, दवाखान्यासमोरच्या लॉजमधून

दादा,

आज तू फोन केलास. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला आणि क्षणभर, खरंच सांगते, बरं वाटलं. वाटलं, विचारशील कशी आहेस. हात कसा आहे. (मनगट मोडलंय. सारंगांना जिन्यावरून वर ओढताना मी कठड्यावर आपटले होते. आता प्लास्टर आहे आणि त्यातून नीट लिहिता येतंय.) सारंग कसे आहेत ते तरी विचारशील. ते आता उशीला टेकून बसतात. छातीत अजून घरघर आहे. पहिलं वाक्य बोलले ते, "त्या काळ्या तोंडाच्या चार वर आल्या का?" मी हो म्हटलं. दोनच आल्या होत्या.

पण तू विचारलंस, "बंदराच्या उद्याच्या चौकशीत तू काय सांगणार आहेस?"

मी म्हटलं, "झालं ते."

"झालं ते सगळेच सांगतात. वकील म्हणतात, कप्तानाने पाण्याची आणि पंख्याची परिस्थिती आम्हाला नीट कळवलीच नाही, एवढं तू सांगितलंस तर निभावेल. म्हातारा आहे, नाहीतरी निवृत्तच होतोय. त्याचं काय बिघडणार?"

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल लाइन तुटली.

काय बिघडणार? चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाने शेवटच्या सफरीत जनावरं आणि माणूस मरायला टाकले, एवढंच लोक म्हणतील. ते सध्या माझ्याच लॉजमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. परवा जेवताना म्हणाले, "बाई, मी घाबरलो होतो, हे मी सांगणार आहे. तुमच्या भावाने काय सांगितलं होतं तेही सांगणार आहे. दोन्ही खरं आहे." मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. आता वाटतं, स्वतःची भीती सगळ्यांसमोर कबूल करायला जे लागतं ते आपल्या घरात कुणाकडे आहे?

तुझ्यानंतर तासाभरात आईचा फोन आला. म्हणजे तू लगेच तिला गाठलंस. "भावाच्या पोटावर पाय देऊ नकोस गं. चुकला असेल, पण आपला आहे." मी तिला विचारलं, "आई, बाबांच्या दवाखान्यात कुणी जनावर मरायला टाकून गेला तर बाबा काय करायचे?"  ती म्हणाली, "त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे." आणि रडायला लागली. तिच्या रडण्याचा हिशेब मी तुझ्याच नावावर धरतेय.

वहिनीने मात्र चार ओळी पाठवल्या. पहिलं पत्र खरंच तिनेच फोडलं होतं. तुला दाखवलं, तेव्हा तू म्हणालास, "धाकटी लहानपणापासून रडूबाई." तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही, असं लिहिलंय. तुमच्या घरात आग लावायची माझी इच्छा नव्हती. पण लागलीच असेल, तर मी विझवायला येणार नाही.

मला तू आवडायचास, दादा. हे भूतकाळात लिहिताना हात जड होतोय, आणि तो प्लास्टरमुळे नाही. ज्या मुलाने मेंढरांची तोंडं धरली, औषध पाजताना ज्याच्या बोटांना चावे बसले आणि जो कधी ओरडला नाही, तो माणूस कुठल्या जहाजात चढून कुठे गेला, मला खरंच कळत नाही.

चौकशीसाठी तू याच गावात उतरलायस, म्हणून हे पत्र तुला आज रात्रीच हॉटेलवर मिळेल. वकिलांना वाचायला दे, माझी हरकत नाही. उद्या तू पहिल्या रांगेत बसशील. मला विचारतील, मालकांना या सगळ्याची कल्पना होती का? मी हो म्हणणार. पाण्याची, पंख्याची, बंदराने देऊ केलेल्या गोठ्यांची. मग तुला विचारतील. तू खरं बोललास, तर जी शिक्षा होईल ती भोगून बाहेर येशील तेव्हा दाराशी मी असेन. पण तू कप्तानांचं नाव घेतलंस, तर मी माझ्या जागेवरून उठेन. मला बसवायला बघतील, मी बसणार नाही. भरल्या सभागृहात तुला मालक म्हणणार नाही, साहेब म्हणणार नाही. लहानपणी घरभर ऐकू जाईल अशी मारायचे तशी "दादा" म्हणून हाक मारेन.

मग माझ्याकडे बघून बोल खोटं.

धाकटी